आक्षेपाची पावती

आमच्याकडे गावोगावच्या कबड्डी सामन्यांचं छापील पत्रक निघतं. वर बजरंगबलीचं चित्र, मधे सरपंचापासून कृषी केंद्रवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं, मग बक्षिसांच्या रकमा आणि तळाशी बारीक अक्षरात नियम. त्यातला एक नियम कधी सुटत नाही. आक्षेप घ्यायचा असेल तर पाचशे रुपये भरून पावती फाडायची. आक्षेप खोटा ठरला तर पैसे जप्त. मी यवतमाळ जिल्ह्यात सव्वीस वर्षं शाळेत खेळ शिकवला आणि सुट्टीच्या दिवशी असल्या मैदानांवर पंच म्हणून उभी राहिले. माझ्यासमोर फाटलेल्या पावत्या बहुतेक दोनच कारणांच्या होत्या, वजन आणि वय. वजनाचं सोपं असतं. ५५ किलोच्या गटात कोणी ५७ ची आणली की कापूस मोजायचा काटा येतो, पोरगी त्यावर चढते आणि काट्याशी कोणी भांडत नाही. वयाचं कठीण. आमच्या भागात १ जून आणि १ जुलैला जन्मलेली माणसं इतकी आहेत की त्या दोन दिवशी आभाळातून पोरं पडत असावीत असं वाटावं. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी टाकली ती जन्मतारीख आयुष्यभराची. कागद एक सांगतो आणि फुटलेली मिसरूड दुसरंच सांगते, हे आम्हा पंचांना कोणी शिकवावं लागत नाही.

तिसऱ्या कारणाची पावती मी एकदाच पाहिली.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. जानेवारी महिना, कापसाचा दुसरा वेचा आटोपलेला. मुलींच्या गटाची उपान्त्य फेरी होती. एका संघात एक चढाई करणारी पोरगी, उंच, सडपातळ, केस पोरासारखे कापलेले, आवाज जरा घोगरा. ती शिरली की समोरच्या चौघी मागच्या रेघेपर्यंत सरकायच्या. मध्यंतरापर्यंत तिचे एकटीचे अकरा गुण झाले. तेव्हा समोरच्या संघाचा मास्तर आयोजकांच्या टेबलाशी आला, पाचशेची नोट ठेवली आणि म्हणाला, “पावती फाडा. हे पोट्टी नाही, पोट्टं हाये.”

टेबलामागे पाच पुरुष. पाचही जणांनी माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, तुमी बाईमाणूस. जरा आत नेऊन पाहून द्या न.”

शाळेची पोषण आहाराची खोली उघडून दिली. तांदळाची पोती, हळद-तिखटाचा वास, कोपऱ्यात खिचडीचं मोठं पातेलं उपडं घातलेलं. मी दार लोटलं आणि काही बोलायच्या आत त्या पोरीनं ट्रॅकपँटच्या नाडीला हात घातला. मी तिचा हात धरला. ती म्हणाली, “करून टाका न मॅडम लवकर, अंग थंड पडते.” त्या मोसमातली तिची ती तिसरी वेळ होती.

आम्ही पोत्यांवर पाच मिनिटं बसलो. एकोणीस वर्षांची. बाप सालदार. पोलीस भरतीची तयारी करत होती, पहाटे डांबरी रस्त्यावर धावायची. धावून आल्यावर न्हायला-वाळवायला वेळ जातो म्हणून केस कापले होते. बाहेर येऊन मी सांगितलं, मुलगी आहे, सामना सुरू करा. पाचशे जप्त झाले, त्याचा चहा-चिवडा झाला. मी काहीही पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तरी मला काही कळलं नसतं, हे पुढे या विषयावर वाचत गेले तेव्हा समजलं.

एवढं वाचून कोणाला वाटेल की ही बाई आता महिलांच्या खेळात कुठलाच नियम नको म्हणणार. तसं मी म्हणत नाही. मुलींचा गट वेगळा हवा आणि त्याला रेघ हवी, असं माझं ठाम मत आहे. पाचवी-सहावीपर्यंत माझ्या वर्गातल्या पोरी पोरांना धावण्यात सहज हरवायच्या. आठवीत आले की तीच पोरं उन्हाळ्याची सुट्टी संपवून परत यायची तेव्हा खांदे रुंद, आवाज फुटलेला, आणि पोरी मागे पडायच्या. सरावात कमी पडल्या म्हणून नव्हे. वयात येताना पोराच्या अंगात टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि ते स्नायू, हाडं, रक्तातलं हिमोग्लोबिन सगळंच बदलून टाकतं. बाईच्या रक्तात ते सर्वसाधारणपणे लिटरमागे २ नॅनोमोलच्या आत असतं, पुरुषाच्या ७ च्या वर, कधी ३० च्या जवळ. म्हणून १०० मीटरचा पुरुषांचा विक्रम ९.५८ सेकंदांचा आणि बायकांचा १०.४९ चा. ८०० मीटरला पुरुषांचा १ मिनिट ४०.९१ सेकंदांचा, बायकांचा १ मिनिट ५३.२८ चा, आणि तोही १९८३ पासून कोणाला मोडता आलेला नाही. पोलीस भरतीत पोरांना १६०० मीटर आणि पोरींना ८००, पोरांचा गोळा ७.२६० किलोचा आणि पोरींचा ४ किलोचा, तो याच कारणानं. ही रेघ पुसली तर तालुक्यापासून ऑलिम्पिकपर्यंत बक्षीस घेणाऱ्या रांगेत बाई दिसणार नाही. आमच्याकडे खेळाचं प्रमाणपत्र म्हणजे दहावी-बारावीला वाढीव गुण आणि सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण, तेव्हा प्रश्न नुसत्या ढालीचा राहत नाही.

‘निसर्गानं दिलं ते दिलं, त्यात अन्याय कसला?’ असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. कोणाचे पाय लांब, कोणाचा पंजा मोठा. मग कोणाच्या अंगात टेस्टोस्टेरॉन जास्त असलं तर काय बिघडलं? ऐकायला बरोबर वाटतं. पण कबड्डीच्या पंचाला ते पटत नाही. ५५ किलोच्या गटात ६२ किलोची पोरगी आली आणि म्हणाली, मॅडम, हे वजनही देवानंच दिलं, तर मी तिला खेळवत नाही. गट ज्या गोष्टीसाठी पाडला, नेमकी तीच गोष्ट त्या गटात माफ करता येत नाही. बुटक्यांचा वेगळा गट आपण पाडलेला नाही, म्हणून लांब पाय चालतात. बायकांचा पाडला आहे, तो पुरुषी वयात येण्याचा फायदा बाजूला ठेवण्यासाठी. मग तो फायदा कोणाच्या अंगात कसा आला, जन्मतः की आणखी कसा, यानं गटाच्या हिशेबात फरक पडत नाही.

पण माझ्याच उदाहरणाला एक भोक आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ६२ किलोची पोरगी वरच्या गटात जाते. जिच्या शरीरात जन्मतःच काही पुरुषी खुणा दडलेल्या असतात, पण जिला जन्मल्यापासून मुलगी म्हणून वाढवलं, जिला स्वतःला वयात येईपर्यंत काही माहीत नव्हतं, तिनं कुठे जायचं? पुरुषांच्या गटात जा म्हणणं म्हणजे घरी जा म्हणणं. नियमानं ती बाहेर पडली तर तो तिचा तोटा आहे, खराखुरा, आणि तो आपण तिच्यावर टाकलेला आहे. एवढं तरी मान्य करून पुढे जायला हवं. वजन जास्त भरलेल्या पोरीला आम्ही चोर म्हणत नाही, काट्यावरून उतर म्हणतो. शरीराच्या बाबतीत मात्र जग गेली नव्वद वर्षं अपात्र ठरलेल्या बाईला चोर ठरवत आलं आहे.

नव्वद वर्षं हा आकडा मी उगाच घेतला नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू तिथे गेला होता, देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला. वऱ्हाडातली माणसं तिथे कबड्डी दाखवत होती, त्याच दिवसांत त्याच शहरात बायकांच्या १०० मीटर शर्यतीवरून गदारोळ उठला. अमेरिकेची हेलन स्टीफन्स पहिली आली, पोलंडची स्टेला वॉल्श दुसरी. स्टीफन्स हा पुरुषच आहे अशी ओरड झाली, तिची तपासणी झाली, ती बाई ठरली. वॉल्शवर तेव्हा कोणी बोट ठेवलं नाही. पुढे १९८० मध्ये एका लुटीत तिचा खून झाला आणि शवविच्छेदनात दिसलं की तिच्या शरीरात दोन्हींच्या खुणा होत्या. बोट एकीकडे दाखवलं आणि गोष्ट दुसरीकडे होती. उंच उडीत चौथी आलेली जर्मन डोरा रातयेन तर दोन वर्षांनी पुरुष ठरली. जन्माच्या वेळी सुईणीनं आधी मुलगा म्हटलं, मग मुलगी म्हटलं, आणि घरच्यांनी दुसरं ऐकलं. आमच्याही खेड्यांत अशी बाळं जन्मतात. सुईण किंवा आजी जे म्हणेल तेच कागदावर चढतं आणि मग आधार कार्डापर्यंत जातं.

माझी ती खिचडीची खोली १९६६ मध्ये बुडापेस्टला होती. युरोपीय मैदानी स्पर्धेत धावायला आलेल्या बायकांना डॉक्टरांसमोर विवस्त्र चालावं लागलं. त्याची लाज वाटली म्हणून १९६८ पासून ऑलिम्पिकमध्ये गुणसूत्रांची चाचणी आली, आणि ती १९९९ पर्यंत टिकली. स्पेनची अडथळा शर्यत धावणारी मारिया होसे मार्तिनेझ-पातिनो १९८५ मध्ये त्यात अडकली. गुणसूत्रं पुरुषाची, पण शरीर टेस्टोस्टेरॉनला दादच देत नाही अशी तिची अवस्था. म्हणजे फायदा शून्य आणि बदनामी पूर्ण. तिला आपलं म्हणणं मान्य करून घ्यायला तीन वर्षं लागली. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये ३,३८७ बायका तपासल्या, त्यातल्या ८ जणींमध्ये वाय गुणसूत्रावरचं जनुक सापडलं, आणि पुढच्या तपासणीनंतर आठही जणींना खेळू दिलं. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. अशा बायका मूठभर असतात हे खरं. आणि त्यातल्या प्रत्येकीची गोष्ट वेगळी असते, हेही.

चाचणी बंद झाली तेव्हा सुटलो असं पुष्कळांना वाटलं. पण दार बंद झालं तरी आक्षेपाची खिडकी उघडीच राहिली. सरसकट तपासणी नाही, पण कोणी शंका घेतली तर तपासणी. म्हणजे आमचं पत्रकच की. आणि शंका कोणावर येते? जिच्या छातीला उभार नाही, जिचा रंग काळा, जिचा बाप मजूर आणि जिच्या संघटनेत कोणी ओळखीचं नाही तिच्यावर. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या खेड्यातली शांती सौंदरराजन, वीटभट्टीवर राबणाऱ्यांची लेक, २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये रौप्य घेऊन आली. तपासणीत अपात्र ठरली, बातमी टीव्हीवर गेली, पदक काढून घेतलं. पुढे तिनं स्वतःला संपवण्याचा प्रयत्न केला, काही काळ वीटभट्टीवरच काम केलं, नंतर प्रशिक्षक झाली. ओडिशाच्या विणकर घरातली द्युती चंद २०१४ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर, अंगातलं टेस्टोस्टेरॉन नियमातल्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं म्हणून, संघातून वगळली गेली. ती मात्र स्वित्झर्लंडमधल्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे, म्हणजे खेळांच्या कोर्टाकडे, गेली. जुलै २०१५ मध्ये लवादानं विचारलं, नैसर्गिक टेस्टोस्टेरॉनचा फायदा नेमका किती हे दाखवा, आणि तो नियम स्थगित केला. तीच द्युती २०१८ मध्ये जकार्ताहून १०० आणि २०० मीटरची दोन रौप्यपदकं घेऊन आली.

दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्टर सेमेन्याचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे. २००९ मध्ये अठराव्या वर्षी ८०० मीटरची जगज्जेती, आणि त्याच आठवड्यात तिचं शरीर जगभरच्या पेपरांत. अशा बायकांसाठी जागतिक मैदानी संघटनेनं केलेला २०१८ चा नियम ४०० मीटरपासून मैलापर्यंतच्या शर्यतींना लागू झाला : गोळ्या घेऊन टेस्टोस्टेरॉन ५ नॅनोमोलखाली आणा, नाहीतर धावू नका. लवादानं २०१९ मध्ये तिच्या विरोधात निकाल दिला. जुलै २०२५ मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं म्हटलं की लवादाच्या निकालाविरुद्ध ती ज्या स्विस न्यायालयात गेली तिथे तिचं म्हणणं पुरेसं नीट ऐकलं गेलं नाही. नियम बरोबर की चूक यात मात्र ते शिरलं नाही. माझं मत विचाराल तर ८०० मीटरला तो फायदा खरा आहे आणि तिथे रेघ मारण्यात काही वावगं नाही. पण निरोगी बाईला खेळण्यासाठी औषध खा म्हणणं हे मला कधीच पटलं नाही. डॉक्टर आजार बरा करायला असतो.

औषध तरी एक वेळ ठीक. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात टेस्टोस्टेरॉन जास्त असलेल्या चार खेळाडू तरुणींबद्दल लिहिलं. वयं १८ ते २१. चौघीही गरीब देशांच्या ग्रामीण किंवा डोंगराळ भागातून आलेल्या. टेस्टोस्टेरॉन बनवणारी आतली ग्रंथी तशीच राहिली तर प्रकृतीला धोका नाही हे डॉक्टरांनीच नोंदवलं, तरी ती काढली, आणि शिवाय जननेंद्रियाचा काही भागही कापला. त्या भागाचा आणि धावण्याचा काय संबंध? ग्रामीण किंवा डोंगराळ हे शब्द वाचून मी मेळघाटातल्या, झरी-जामणीकडच्या पोरींचा विचार करत बसले. त्यांच्यासमोर इंग्रजीतला कागद ठेवला आणि मोठ्या साहेबानं सही कर म्हटलं तर त्या काय करतील, हे मला शाळेतल्या अनुभवानं पक्कं माहीत आहे.

आता १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक मैदानी संघटनेनं नवा नियम आणला. जागतिक स्पर्धेच्या महिला गटात उतरणाऱ्या प्रत्येकीची आयुष्यात एकदा एसआरवाय जनुकाची, म्हणजे वाय गुणसूत्रावरच्या त्याच पुरुषपण ठरवणाऱ्या जनुकाची चाचणी, गालाच्या आतून फिरवलेल्या बोळ्यावरून किंवा रक्तावरून. माझ्या ओळखीतल्या पुरोगामी मंडळींना हा नियम अपमानाचा वाटतो. मला तो आधीच्यांपेक्षा बरा वाटतो, आणि कारण एकच : तो सगळ्यांना आहे. गोरीलाही आहे, लांब केसांच्या पोरीलाही आहे. कोणाला पावती फाडावी लागत नाही, कोणाला नाडी सोडावी लागत नाही. काटा आला की सगळ्याच चढतात, मग चढण्यात लाज उरत नाही. ज्या शरीरावर टेस्टोस्टेरॉनचा काही परिणाम होत नाही त्यांना त्यात सूटही आहे, म्हणजे मार्तिनेझ-पातिनोवरचा अन्याय पुन्हा व्हायचं कारण नाही.

तरी हा काटा कापसाच्या काट्याइतका सरळ नाही. हे जनुक १९९० मध्ये शोधणारे अँड्र्यू सिंक्लेअर स्वतःच सांगतात की चाचणीतून जनुक आहे की नाही एवढंच कळतं, त्यानं शरीरात काम केलं की नाही ते कळत नाही. म्हणून चाचणी ही पहिली पायरी असावी, निकाल नव्हे. आणि मुख्य गोष्ट, निकालाचा कागद कोणाच्या हातात पडतो? जिला वीस वर्षं पाळी आली नाही आणि आईनं ‘होईल सुरू, काहींना उशीर होते’ म्हणून गप्प बसवलं, तिला आपल्या शरीराबद्दलची एवढी मोठी गोष्ट खेळाच्या शिबिरात, दोन मिनिटांत, इंग्रजीतून कळणार असेल तर तो नियम कितीही शास्त्रीय असो, राबवणारे आमच्या टेबलामागचे पाच जणच आहेत. तिच्या भाषेत बोलणारी बाई डॉक्टर हवी. निकाल तिला आणि त्या डॉक्टरला, तिसऱ्याला नाही. संघात नसण्याचं कारण पाय मुरगळला म्हणून सांगितलं तरी चालेल. जुनी पदकं, मिळालेली नोकरी, शिष्यवृत्ती यांना हात लावायचा नाही.

हे अशक्य नाही, हे आपल्याच राज्यात दिसलं आहे. नाशिक ग्रामीण पोलिसांच्या २०१८ च्या भरतीत एक मुलगी मैदानी आणि लेखी दोन्ही परीक्षा पास झाली आणि वैद्यकीय तपासणीत तिची गुणसूत्रं पुरुषाची निघाली. तिला स्वतःला तोवर कल्पना नव्हती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. २०२२ मध्ये न्यायालयानं तिच्या बाजूनं विचार केला, पोलीस दलात शिपाईपदाऐवजी दुसऱ्या पदावर तिला घ्यायची तयारी सरकारनं दाखवली. वर्दीचं स्वप्न पुरं झालं नाही. पण कोणी तिला लबाड म्हटलं नाही, तिचं नाव बाहेर आलं नाही आणि घरची चूल पेटती राहील असं पाहिलं गेलं. खेळाच्या संघटनांनी एवढं जरी केलं तरी माझी अर्धी तक्रार मिटेल.

पुरुष म्हणून वयात येऊन नंतर बाई म्हणून जगणाऱ्यांचा प्रश्न यात मिसळला जातो, तो मी वेगळा धरते. मार्च २०२३ पासून मैदानी खेळांच्या जागतिक महिला गटात त्यांना प्रवेश नाही. धावणं, फेकणं, झुंजणं अशा खेळांत मला ते योग्य वाटतं, कारण हाडं आणि उंची औषधानं परत जात नाहीत. मात्र हीच रेघ बुद्धिबळात ओढण्यात मला काही तुक दिसत नाही. जागतिक बुद्धिबळ संघटनेनं २०२३ मध्ये तेही करून पाहिलं. आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला तो खांद्याच्या रुंदीवर नव्हे. तळेगाव दशासरच्या शंकरपटात बायका जोडी हाकतात तेव्हा धावतात बैल. सगळ्या खेळांना एकच माप लावणारा नियम आळशी माणसानं केलेला असतो.

आणि खाली? तालुका, जिल्हा, गावची स्पर्धा? तिथे काहीच नको. ना जनुक, ना डॉक्टर, ना खोली. एखादी मुलगी नशिबानं जास्त ताकदवान निघाली आणि गावची ढाल घेऊन गेली तर जावो. तिच्यामुळे हरलेल्या पोरींचा तोटा मी कमी लेखत नाही, पण असं शरीर हजारो पोरींत एखादीचं. आणि संशयाची मोकळीक दिली तर केस कापलेल्या प्रत्येक पोरीला नाडीला हात घालावा लागेल. आमच्याकडे पोरींना मैदानावर आणायलाच घरोघर हातापाया पडावं लागतं. पोरगी खोलीत नेऊन तपासतात एवढं एकदा गावात पसरलं की पुढच्या वर्षी संघ उभा राहत नाही. त्या वर्षीनंतर त्या पोरीच्या गावातून मुलींचा संघ दोन मोसम आलाच नाही.

यंदाच्या सामन्यांच्या पत्रकाचं प्रूफ मागच्या आठवड्यात मंडळाच्या सचिवानं व्हॉट्सअॅपवर पाठवलं. आक्षेपाच्या नियमात मी चार शब्द घातले, ‘फक्त वजन व वय’. त्याचा लगेच फोन आला. “मॅडम, अन् कोणी दुसराच आक्षेप घेतला तं?”

“पावती फाडायची नाही,” मी म्हटलं.

“पैसे ठेवले टेबलावर तं?”

“उचलून त्याच्या खिशात घालायचे.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, बरं, छापायला टाकतो, पण आक्षेपाची फी यंदा हजार करा, पाचशेत चहाही होत नाही.